गल्लीवरची वहिवाट

निवासी वस्तीतील एखादा रस्ता एकेरी करावा, त्याच्या एका तोंडाशी खांब रोवून मोटारींना मज्जाव करावा, किंवा कडेला उभी राहणारी वाहने हलवून त्या जागी सायकलींसाठी वेगळा पट्टा आखावा, अशी नुसती तजवीज कागदावर आली तरी वस्तीत जी खळबळ उडते, ती ज्याने जवळून पाहिली आहे त्याला हा मामला केवळ रहदारीचा नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या पुण्यात, डेक्कन जिमखान्यापासून कोथरूडपर्यंत आणि औंधपासून सहकारनगरपर्यंत, गेली काही वर्षे हा वाद या ना त्या रूपाने चालूच आहे; आणि परवा आमच्या भागातील अशाच एका तजविजीवर रहिवाशांची सभा भरली, तेव्हा मीही हजर होतो.

सभेत बोलणारी माणसे समंजस होती, आणि त्यांच्या हरकती उडवून लावाव्यात अशा नव्हत्या. एका वृद्ध गृहस्थांना, अंथरुणाला खिळलेल्या पत्नीसाठी रुग्णवाहिका दारापर्यंत येईल की नाही, याची काळजी होती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांचे म्हणणे असे की, दुचाकी लावायला जागा मिळाली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या चौकात निघून जाते. मुलाला पाळणाघरात सोडून कचेरी गाठणाऱ्या एका बाईंनी एकेरी वाहतुकीमुळे रोज पडणारा वळसा हिशेबासह मांडला. परंतु बहुतेकांच्या बोलण्यामागे, कधी स्पष्टपणे तर कधी नकळत, एक गृहीत उभे होते, आणि ते असे की, दारासमोरच्या रस्त्यावर आपली मोटार उभी करणे आणि हव्या त्या दिशेने ती नेणे ही आपली जुनी वहिवाट असून ती मोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. वहिवाटीच्याच न्यायाने बोलायचे, तर या गल्ल्यांवरचा जुना हक्क मोटारीचा नाही; आणि ज्यांचा तो आहे, त्यांच्यापैकी एकही जण त्या सभेत नव्हता.

सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान आमच्या गल्लीत उभे राहिले, म्हणजे ती माणसे दिसतात. वर्तमानपत्रांचा गठ्ठा कॅरिअरला दोरीने आवळून आणि हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवून जाणारा पोरगा. रात्रपाळी संपवून रिकामा डबा हँडलला लावून घरी परतणारा पहारेकरी, ज्याच्या सायकलीला दिवा नाही आणि मागच्या मडगार्डवर लाल काचेच्या जागी रंगीत चिकटपट्टीचा तुकडा आहे. लांबच्या वस्तीतून बसने येऊन चौकापासून पायी चार घरची कामे गाठणाऱ्या बायका, ज्या पदपथ असूनही रस्त्यातून चालतात, कारण पदपथावर दुचाक्या ओळीने लावलेल्या असतात. आणि गणवेशातल्या नातवाचे मनगट एका हाताने घट्ट धरून, दुसऱ्या हाताचा पंजा येणाऱ्या वाहनांना दाखवीत रस्ता ओलांडू पाहणारे आजोबा. आजोबांनी एक पाऊल पुढे टाकले की एखादी स्कूटर त्यांच्या समोरून तिरकी निघून जाते, ते पाऊल मागे घेतात, पुन्हा पंजा वर करतात. आणि सबंध गल्ली अवघ्या सहा मीटरांची असताना ती ओलांडायला त्यांना असे बराच वेळ तिष्ठत राहावे लागते. यांच्यापैकी कोणाला संध्याकाळी सातच्या सभेला येता येणार? पहारेकरी त्या सुमारास पाळीवर रुजू होतो, बायका परतीच्या बससाठी थांब्यावर उभ्या असतात, आणि सात वर्षांच्या मुलाचे मत घेण्याची आपल्याकडे पद्धतच नाही. हरकती व सूचना मागवण्याची आपली रीत चांगली आहे, ती टिकली पाहिजे, असेच मी म्हणेन. मात्र ज्याला अर्ज लिहिता येतो आणि कचेरीत जाऊन पोच घेता येते त्याचीच दाद तेथे लागते, हे निर्णय करणाऱ्यांनी विसरता कामा नये.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई. त्या काळी सायकलीवर कर भरून बिल्ला घ्यावा लागे, तिन्हीसांजा झाल्यावर दिवा नसेल तर पोलीस हटकीत, डबलसीट नेणाऱ्याला दंड होई. म्हणजे हे वाहन सरकारी दफ्तरात रीतसर दाखल होते, त्याची कर्तव्ये ठरलेली होती आणि त्यामुळे रस्त्यावरचा त्याचा मानही ठरलेला होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला कामगार, कचेरीतला कारकून, महाविद्यालयातला प्राध्यापक आणि त्याचे विद्यार्थी एकाच वेगाने एकाच रस्त्याने जात. पुढे स्कूटर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, शहर टेकड्या ओलांडून चहूकडे पसरले, सार्वजनिक बससेवा त्या पसरणीच्या मानाने कायम अपुरी राहिली, आणि २०१८ च्या सुमारास शहरातील वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येला ओलांडून गेली. सायकलीवर बंदी कोणीच घातली नाही. रस्ता धोक्याचा झाला म्हणून ज्यांना शक्य होते त्यांनी ती सोडली, आणि ज्यांना दुसरे काही परवडत नव्हते तेच तिच्यावर उरले. हे उरलेले लोक बोलके नाहीत, म्हणून आपल्या शहरात आता सायकल कोण चालवतो, असा प्रश्न सभेत विचारला गेला, तेव्हा त्याला उत्तर द्यायला कोणी उठले नाही.

सायकल ट्रॅकविषयी नागरिकांच्या मनात जो अविश्वास आहे तो मात्र अकारण नाही. २००५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या काळात सातारा रस्ता आणि इतर काही मोठ्या रस्त्यांच्या कडेने जे ट्रॅक बांधले गेले, त्यांच्यावरून कोणी सायकल नेऊन पाहावी. पेव्हर ब्लॉकचा पट्टा काही अंतर नीट जातो, मग मध्येच विजेची पेटी येते, पुढे झाडाचे आळे येते, त्यापुढे भाजीची हातगाडी आणि तिच्याभोवती उभी गिऱ्हाइके. चौक आला की पट्टा उंच कडेवरून एकदम संपतो, आणि ज्या ठिकाणी संरक्षणाची सर्वांत अधिक गरज, त्याच ठिकाणी स्वाराला उतरून सायकल उचलून खाली ठेवावी लागते. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८०० किलोमीटरांहून अधिक लांबीचे जाळे योजिलेले होते. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलीही रस्त्यांवर आल्या, काही काळ लोकांनी त्या हौसेने वापरल्या, आणि नंतर मोडतोड, चोऱ्या व तोटा यांपायी त्या दिसेनाशा झाल्या. एवढे पाहिल्यावर दारासमोर पुन्हा पट्टा आखायची भाषा कोणी काढली, तर रहिवासी कपाळाला आठ्या घालणारच.

परंतु खरी चूक पट्टा आखण्यात नाही, तो कोठे आखावा हे न ठरवण्यात आहे. ज्या रस्त्यावरून बस, ट्रक आणि वेगाने जाणाऱ्या मोटारी धावतात, तेथे सायकलीला अखंड, वेगळा आणि चौकातही न तुटणारा मार्ग हवाच. उलट सहा मीटरांच्या गल्लीत असा पट्टा आखायला जागा नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. गल्लीतून बाहेरची वाहतूक काढून घेतली, उरलेल्या वाहनांचा वेग पायी चालणाऱ्याला भय वाटणार नाही एवढा ठेवला, की सबंध गल्ली हाच सायकलीचा मार्ग होतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट या गावी १९६० नंतरच्या दशकात रहिवाशांनी काही निवासी रस्ते अशा रीतीने बदलून घेतले, आणि १९७६ मध्ये त्या देशाने त्यास कायद्याची मान्यता दिली. अशा रस्त्यावर मुलांनी सबंध रुंदीत खेळावे आणि मोटारीने माणसाच्या चालीने जावे, असा तेथील दंडक आहे. आमच्या सभेत जो तंटा झाला त्याचा बराचसा भाग रस्त्यावर रंग कोठे द्यावा यावरच खर्ची पडला, याचे मला फार वाईट वाटले.

मोटारी आमच्या गल्लीत का शिरतात, हे पाहिले पाहिजे. कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपपाशी किंवा विधी महाविद्यालय रस्त्यावर वाहने तुंबली की, बांध फुटलेले पाणी जसे शेजारच्या शेतात घुसते, तशी ती प्रभात रस्त्याच्या आणि भांडारकर रस्त्याच्या गल्ल्यांत घुसतात. पूर्वी या आडवाटा त्या भागातल्या माणसालाच ठाऊक असत, आता चालकाच्या हातातला मोबाइल त्या परगावच्या पाहुण्यालाही दाखवतो. या गल्ल्या ज्या काळी आखल्या गेल्या तेव्हा दोन्ही बाजूंना बंगले होते. आज प्रत्येक बंगल्याच्या जागी पाच-सात मजले उभे आहेत, आणि २०२० मध्ये तर शहरातील तीनशेहून अधिक सहा-मीटरी रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्याला नागरिकांनी हिरिरीने हरकत घेतली, कारण नऊ मीटर रुंदी मिळाली की हस्तांतरणीय विकास हक्क वापरून आणखी मजले चढवायला मुभा मिळते, आणि प्रत्येक मजल्याबरोबर मोटारी येतात. त्या वेळी ज्या मंडळींनी गल्लीचे गल्लीपण वाचवण्यासाठी निवेदने दिली, त्यांतलीच काही आज त्या गल्लीतून मोटारींची वहिवाट अबाधित ठेवा म्हणत आहेत; रुंदीकरण नको असेल तर वाहतुकीवर निर्बंध हवेत, ही गोष्ट त्यांना मी मोठ्या अगत्याने सांगू इच्छितो. ज्यांचे नाव कर्वे रस्त्याला दिलेले आहे, ते धोंडो केशव कर्वे हिंगण्याच्या आश्रमापासून फर्ग्युसन महाविद्यालयापर्यंत गणित शिकवायला पायी येत असत. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आज शाळकरी मुलाला एकट्याने चालत पाठवण्याचा धीर कोणत्या आईला होईल?

परदेशात या गोष्टी सहज घडल्या असे मानणेही चूक आहे. नेदरलँड्समध्येच, ग्रोनिंगन शहराने १९७७ साली आपला मध्यभाग चार विभागांत वाटला आणि एका विभागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाण्यास मनाई केली. जायचे तर बाहेरच्या वळणरस्त्याने फिरून जावे, सायकलीने मात्र सरळ जावे. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध केवढा तरी गदारोळ केला, धंदा बुडेल म्हणून भाकिते झाली. नगर परिषद मागे हटली नाही, आणि आज त्या शहरातील निम्म्याहून अधिक फेऱ्या सायकलीवर होतात. लंडनमध्ये २०२० च्या साथीत अनेक भागांतील निवासी रस्ते कुंड्या आणि खांब लावून बाहेरच्या मोटारींना बंद केले गेले, तेव्हा घराघरांत तट पडले. काही ठिकाणी कुंड्या उलथल्या गेल्या, काही नगरमंडळांनी निर्णय मागे घेतला, काहींनी टिकवला. तेथील एका आक्षेपात मला तथ्य दिसते. आतल्या गल्ल्या शांत झाल्या म्हणजे त्यांच्या सीमेवरच्या मोठ्या रस्त्यावर भार पडतो, आणि त्या रस्त्याकाठी राहणारा माणूस बहुधा कमी उत्पन्नाचा असतो. म्हणून सीमेवरच्या रस्त्याचा बंदोबस्त, म्हणजे बसच्या वाढीव फेऱ्या, चालता येईल असा पदपथ आणि पार्किंगचे शुल्क, याच हुकुमात आला पाहिजे. पार्किंगचे धोरण २०१८ मध्ये मुख्य सभेने मंजूर केले, तेही मोजक्या पाच रस्त्यांपुरते, आणि पुढे त्याचा अंमल झाला नाही. सार्वजनिक जमिनीवर खाजगी मोटार फुकट उभी राहते तोवर गल्लीतली जागा मोकळी होणे कठीण आहे.

रुग्णवाहिकेचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. पक्क्या भिंतीऐवजी काढघालीचे खांब लावावेत, त्यांच्या किल्ल्या अग्निशमन केंद्राकडे आणि गल्लीतल्या पहारेकऱ्याकडे असाव्यात. आणि कडेची दुहेरी रांग हटली तर रुग्णवाहिका आजच्यापेक्षा लवकरच पोहोचेल. दुकानदारांच्या शंकेविषयी, २०२१ पासून दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद ठेवला जातो, तो एकदा त्यांनी हिंडून पाहावा. एका दिवसाच्या गर्दीवरून वर्षाच्या धंद्याचा निष्कर्ष काढता येत नाही हे मला मान्य आहे. पण पायी आलेला माणूसही खरेदी करतो, हे तेथे डोळ्यांना दिसते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ अन्वये, रस्त्याचे स्वरूप आणि लोकांची सुरक्षितता ध्यानात घेऊन वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार शासनाला आहे, आणि वाहतूक शाखा असे तात्पुरते आदेश नेहमीच काढते. आमच्या गल्लीसंबंधी मी जो अर्ज दिला आहे त्यात सहा महिन्यांचा प्रयोग मागितला आहे. आरंभी आणि अखेरीस, शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी, वाहनांबरोबर चालणाऱ्यांची आणि सायकलींचीही गणती व्हावी, आणि एक सुनावणी सकाळी सात वाजता गल्लीतच घेतली जावी, अशी विनंतीही केली आहे. अंमल सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात तक्रारींचा ओघ येईल. प्रत्येक तक्रार नोंदवून घ्यावी, तिचा खुलासा लेखी द्यावा, परंतु मुदत पुरी होण्याआधी खांब उपटू नयेत, असे अर्जाच्या शेवटी लिहिले आहे. त्या अर्जावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांनीही सही केली. त्यांनी अट एकच घातली, माल उतरवणाऱ्या टेम्पोला सकाळी नऊ ते अकरा या वेळात आत येऊ द्यावे. ती मला सर्वस्वी रास्त वाटली आणि मी ती अर्जात त्यांच्याच शब्दांत घातली आहे.