कॉलमचा निर्णय मॉडेलमध्येच व्हावा

८ नोव्हेंबर २०१८ रोजी 'बेसकॅम्प ३' ही प्रकल्प-व्यवस्थापनाची सेवा सुमारे पाच तास अडकून पडली. ग्राहकांना जुनी माहिती दिसत होती, पण नवीन काहीही लिहिता येत नव्हते. डेटा सुरक्षित होता. घोटाळा होता तो एका कॉलममध्ये. घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या टेबलातला आयडी साध्या इंटिजर प्रकारचा होता आणि तो २,१४,७४,८३,६४७ या आकड्याला जाऊन टेकला. त्यापुढची संख्या चार बाइटांच्या इंटिजरमध्ये मावत नाही. ज्या कंपनीत रेल्स हे फ्रेमवर्क जन्मले, तिचीच ही गोष्ट. रेल्सने २०१७ मध्ये, ५.१ या आवृत्तीपासून, प्राथमिक की बिगइंट केली होती. नव्या टेबलांचा प्रश्न त्यामुळे सुटला. जुना कॉलम होता तसाच राहिला.

कॉलमचा प्रकार निवडायला क्षणभर पुरतो. टेबल कोट्यवधी ओळींचे झाल्यावर तोच प्रकार बदलायचा, तर मध्यरात्रीचा डाउनटाइम मागावा लागतो. म्हणून हा प्रकार जिथे ठरतो, त्या डेटाबेस-मॉडेलिंग सॉफ्टवेअरमधल्या कॉलमच्या यादीकडे कारकुनी काम म्हणून पाहणे महागात पडते.

मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये नवे टेबल उघडून पाहा. कॉलमच्या पहिल्या ओळीवर डबल क्लिक केले की 'आयडी'ने सुरू होणारे नाव, इंट हा प्रकार आणि पीके, एनएन या चौकटींतल्या खुणा आपोआप येतात. पुढच्या कॉलमला वरचार ४५ मिळतो. हा पंचेचाळीसचा आकडा ना ग्राहकाने सांगितलेला असतो, ना हिशेबनिसाने; तो निव्वळ सॉफ्टवेअरचा डीफॉल्ट आहे. तरीही पत्त्यापासून पॅनपर्यंत सगळे कॉलम वरचार ४५ असलेले डेटाबेस सर्रास आढळतात, कारण त्या रकान्याला कुणी हातच लावलेला नसतो. पॅन दहा अक्षरांचा असतो आणि पत्ता पंचेचाळीसमध्ये बसत नाही, हे दोन्ही सर्वांना ठाऊक असूनही.

यावरचा इलाज सॉफ्टवेअरमध्येच आहे. अर्विन, पॉवरडिझायनर आणि ओरॅकलचे एसक्यूएल डेव्हलपर डेटा मॉडेलर या तिन्हींत 'डोमेन' ठरवता येतात. जीएसटीआयएन म्हणजे पंधरा अक्षरांचा मजकूर, असे एकदा डोमेनमध्ये नोंदवले की ग्राहक, पुरवठादार आणि बिल या तिन्ही टेबलांतले कॉलम तिथूनच प्रकार घेतात. एका टेबलात पंधरा आणि दुसऱ्यात वीस, असा घोळ होत नाही. जीएसटीआयएनचे पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, दिल्लीचे ०७. हा कोड वेगळ्या कॉलममध्ये इंटिजर म्हणून ठेवला, तर दिल्लीच्या पुढचे शून्य गळते आणि जुळवणी फसते. ज्या आकड्याची कधी बेरीज करायची नाही, तो मजकूर म्हणूनच ठेवावा. पिनकोड, मोबाइल, खाते क्रमांक, सर्वांना हाच नियम लागू आहे.

मराठी नावे साठवणाऱ्यांनी लांबीचा रकाना तर डोळ्यांत तेल घालून भरायला हवा. 'पुरुषोत्तम' हे नाव वाचणाऱ्याला पाच अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये काना, उकार आणि हलन्त धरून त्याची दहा चिन्हे होतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे एकूण तीस बाइट. ओरॅकलमध्ये वरचार२ ची लांबी, वेगळे काही सांगितले नसेल तर, बाइटांत मोजली जाते. तीसचा कॉलम असेल तर पुरुषोत्तम जेमतेम मावतात. पुरुषोत्तमराव आले की ओआरए-१२८९९ ही चूक समोर येते. लांबीपुढे 'चार' (CHAR) लिहिले की हा प्रश्न मिटतो. एसक्यूएल सर्व्हरवर दुखणे निराळे आहे: तिथे यूटीएफ-८ कोलेशन नसलेल्या साध्या वरचारमध्ये मराठी नाव घातले की त्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि मूळ नाव परत मिळत नाही. तिथे एनवरचारच हवा.

सर्वांत मोठा धोका मात्र नाव बदलण्यात आहे. मॉडेलमध्ये 'मोब_नो' खोडून 'मोबाइल_क्रमांक' लिहिणाऱ्याच्या मनात नामांतर असते. मॉडेल आणि डेटाबेस यांची तुलना नावावरून होत असेल, तर सॉफ्टवेअरला दिसते ते एवढेच: जुना कॉलम नाहीसा झाला, नवा आला. मग स्क्रिप्ट तयार होते ती ड्रॉप कॉलम आणि ॲड कॉलम यांची. ती चालवली की नवा कॉलम येतो, रिकामा. कोडमधल्या मॉडेलवरून स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनांचेही तेच: ॲलेम्बिकच्या दस्तऐवजात हे स्पष्ट नोंदवले आहे की नावातला बदल त्याला ओळखता येत नाही. एंटिटी फ्रेमवर्क कोअरचे दस्तऐवजही असा बदल हाताने दुरुस्त करायला सांगतात. जँगो निदान थांबून विचारते, की जुन्याच कॉलमचे नाव बदलले आहे का. आणि घाईत 'नाही' म्हणणारे बोट तिथेही असतेच.

खरे नामांतर झाले तरी काम संपत नाही. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू नव्या नावाशी आपोआप जुळतात, पण मजकूर म्हणून साठवलेल्या फंक्शनांत जुनेच नाव राहते. एसक्यूएल सर्व्हरचे 'एसपी_रिनेम' स्टोअर्ड प्रोसीजरना हात लावत नाही. स्कॉट अँबलर आणि प्रमोद सडलगे यांनी २००६ मध्ये 'रिफॅक्टरिंग डेटाबेसेस' या पुस्तकात यासाठी संक्रमणकाळाची पद्धत मांडली: दोन्ही कॉलम काही काळ शेजारी ठेवायचे, ट्रिगरने दोहोंत सारखाच डेटा राखायचा आणि सगळे प्रोग्रॅम नव्या नावावर आल्यावरच जुना काढायचा. ती पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे.

कॉलमच्या क्रमासाठी मात्र जीव आटवू नये. पोस्टग्रेसमध्ये नवा कॉलम शेवटीच जातो. एसक्यूएल सर्व्हरच्या डिझायनरमध्ये कॉलम मध्ये सरकवला, तर पूर्ण टेबल नव्याने बांधून डेटा हलवावा लागतो. आकृतीत क्रम हवा तसा लावावा आणि क्वेरीत कॉलमची नावे लिहावीत.

उरते ती टिपणी. 'स्टेटस' नावाच्या कॉलममध्ये १, २, ३ म्हणजे काय, हे लिहून ठेवणारा माणूस नोकरी सोडून गेला की अर्थही त्याच्याबरोबर जातो. मायएसक्यूएल एका कॉलमच्या टिपणीसाठी १०२४ चिन्हांची जागा देते. एक काळजी घ्यावी: तिथे मॉडिफाय वापरून प्रकार बदलताना टिपणी, डीफॉल्ट आणि नॉट नल पुन्हा लिहिले नाहीत, तर ते पुसले जातात. मॉडेलमध्ये हे सारे जपलेले असेल, तर तयार होणाऱ्या स्क्रिप्टमध्येही ते येते. हाताने लिहिलेल्या ऑल्टरमध्ये बहुधा राहून जाते.

पुढच्या रिलीजआधी प्रत्येक चमूने आपले मॉडेल उघडून तीन गोष्टी तपासाव्यात: इंटिजर आयडी मर्यादेपासून किती दूर आहेत, डीफॉल्ट लांबीचे कॉलम किती आहेत आणि टिपणीविना किती आहेत. आणि तयार झालेल्या स्क्रिप्टमध्ये 'ड्रॉप कॉलम' हे दोन शब्द दिसले, तर दुसऱ्या माणसाने ती वाचून सही केल्याशिवाय चालवू नये.