गंजलेल्या तारांचे चाक: बदलावे की जपावे?

१/ नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात खापरखेडा आहे. औष्णिक वीजकेंद्राचे आणि कोळशाचे हे गाव. अशा औद्योगिक वसाहतींमध्ये एकेकाळी राजदूत, येझदी आणि बुलेट या गाड्या कामगारांच्या पाळ्यांबरोबर धावल्या. त्यांतल्या उरलेल्या गाड्या आज पुन्हा रस्त्यावर येतात, तेव्हा बहुधा सर्वप्रथम त्यांची गंजलेली चाके फेकली जातात. हा धागा त्या चाकांची बाजू मांडतो. 🧵

२/ बैलगाडीच्या चाकात तुंबा, आरे, पुठ्ठे आणि लोखंडी धाव असते. जाड लाकडी आरा भार दाबाने पेलतो. बारीक तारेला दाब सोसत नाही, ती वाकते. मात्र ताण ती उत्तम सोसते. म्हणून तारांचे चाक आधीच ताणून बांधतात. ही कल्पना जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने १८०८ मध्ये मांडली होती.

३/ पुढे १८७४ मध्ये जेम्स स्टार्लीने तारा तुंब्याला स्पर्शिकेच्या दिशेने जोडण्याचे पेटंट घेतले. त्यामुळे तुंब्यातून येणारा पीळ रिमपर्यंत पोहोचू लागला. मोटारसायकलची साखळी आणि ब्रेक हाच पीळ देतात. म्हणजे येझदीच्या चाकात सायकलयुगाचा वारसा आहे.

४/ हे चाक गंजते कसे? क्रोमचा थर अत्यंत पातळ असतो. खरे संरक्षण त्याखालचे निकेल करते. थराला सूक्ष्म तडा गेला की पाणी पोलादापर्यंत पोहोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून क्रोमचे पापुद्रे सुटतात.

५/ कोळसा जळताना सल्फर डायऑक्साइड निर्माण होतो; ओलाव्याशी संयोग झाल्यावर तो आम्लधर्मी होतो. राखेची पुटे ओल धरून ठेवतात. विदर्भाच्या कोरड्या वैशाखात लोखंड निभावते, आषाढात नाही. वीजकेंद्राच्या सावलीत वावरलेल्या गाडीवरचा गंज हाही त्या परिसराचा एक पुरावा आहे.

६/ तरीही गंज पूजनीय नाही. धावत्या चाकात एक तार तुटली की शेजारच्या तारांवर ताण वाढतो आणि रिम वाकडी होऊ लागते. इतिहासप्रेमापायी कोणाचा जीव धोक्यात घालणे हा जतनाचा अर्थ नव्हे.

७/ म्हणून क्रम ठरवावा. तुंबा शक्यतो मूळचाच ठेवावा, कारण त्याच्या ओतकामात त्या कारखान्याची घडण असते. रिम तपासून ठेवावी: वरचा तांबूस डाग निघतो, पण निपलच्या छिद्रांभोवती पोलाद खाल्ले गेले असेल तर रिम बदलावी. तारा आणि निपल मात्र निःसंकोच नवे घ्यावेत.

८/ जुन्या तारा आम्लात धुऊन पुन्हा मुलामा देण्याचा मोह टाळावा. त्या प्रक्रियेत हायड्रोजन शिरून कणखर पोलाद ठिसूळ होऊ शकते. क्रोमच्या कामात वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियमही विषारी आहे. सांडपाण्याची व्यवस्था नसलेल्या ठिकाणी स्वस्तात मिळणारी चकाकी महाग पडते.

९/ चाक उघडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. कोणती तार कोणत्या तारेवरून जाते आणि रिम तुंब्याच्या मध्यापासून किती सरकलेली आहे, हे नोंदवावे. काढलेल्या तारांपैकी दोनचार चिठ्ठी लावून जपाव्यात.

१०/ १९६४ ची व्हेनिस सनद वास्तूंसाठी आहे, पण तिचे तत्त्व येथेही उपयोगी पडते: जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबावी, आणि नवा भाग मूळ भागापासून ओळखू यावा. सगळे चाक चकचकीत नवे बसवून त्याला ‘अस्सल’ म्हणणे ही इतिहासाची फसवणूक आहे.

११/ सर्वाधिक संकटात आहे ती विद्या. तारा ओवून चाक बांधणारा, तारेवर टिचकी मारून नादावरून ताण ओळखणारा आणि चाक फिरवत त्याचा ‘आउट’ काढणारा कारागीर अभिलेखागारात सापडत नाही. मिश्रधातूच्या अखंड चाकाला त्याची गरजच नाही. मैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्याची चाके बांधणारे हात अजून काही गाळ्यांत आहेत.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी किल्ले आणि ताम्रपट जरूर अभ्यासावेत. त्याबरोबरच अशा एका कारागिराजवळ दोन तास बसून त्याच्या कामाची पायरीपायरीने नोंद करावी. रिम पुन्हा मिळेल. ती नोंद नंतर मिळणार नाही.