मेलं खोकं, भंगारात टेबल

विजेवर वरखाली होणाऱ्या टेबलाचे पोलादी पाय सहसा बिघडत नाहीत. फळी तर नाहीच नाही. मरतो तो फळीखाली स्क्रूने टांगलेला कंट्रोल बॉक्स, नाहीतर बटणांचा हँडसेट. मग हेल्पलाइनवाले विद्वान आपली एकमेव मात्रा उगाळतात: ‘खालचं बटण दाबून धरा, स्क्रीनवर आरएसटी, म्हणजे रीसेट, येईल.’ बाबांनो, स्क्रीनच काळी पडलीये! मग सुनावतात, ‘सर, ते मॉडेल बंद झालं. नवीन टेबल घ्या.’

एका बोर्डापायी अख्खा सांगाडा भंगारात? आणि हेच महाभाग पर्यावरणरक्षणाच्या गप्पा मारणार!

वर दम देतात, ‘बाहेरचा बॉक्स लावलात तर जबाबदारी आमची नाही.’ भलताच बॉक्स चालत नाही, हे खरंच आहे. पायातल्या मोटारीला वीज देणाऱ्या तारा दोन, बाकीच्या हॉल सेन्सरच्या. मोटार फिरते तसा सेन्सर पल्स पाठवतो. बॉक्स ते मोजून उंची ठरवतो आणि दोन्ही पाय एका पातळीत ठेवतो. एका मिलिमीटरला किती पल्स, हा हिशेब चुकला की स्क्रीनवरचा आकडा खोटा आणि पाय थेट टोकाला जाऊन आदळणार. मोटार २४ व्होल्टची आणि बॉक्स ३६ व्होल्टचा असला तर विचारूच नका. हँडसेटचा प्लग तर फोनच्या किंवा इंटरनेटच्या केबलसारखा, कुठेही टक्कन बसणारा. पण एका कंपनीचा हँडसेट बटण दाबलं की नुसत्या दोन तारा जोडतो, दुसरीचा सिरियल संदेश धाडतो. ५ व्होल्टची पिन कुठली, तेही दर कंपनीत वेगळं.

मग हे छापत का नाही? व्होल्टेज, पिनांचा क्रम, मिलिमीटरला पल्स. बॉक्सवर तीन ओळी! म्हणे गोपनीय तंत्रज्ञान. कुणाचं? कित्येक ब्रँडांच्या फळीखाली चीनमधल्या जीचांग कंपनीचा माल असतो. अमेरिकेतला फुली हा ब्रँड २०२३ मध्ये गुंडाळला गेला, पण त्याच्या जार्विस टेबलांखाली जीचांगचे बॉक्स होते. म्हणून मूळ मॉडेल नंबर वाचून जोड शोधण्याची सोय तरी त्या गिऱ्हाइकांना उरली. इकडे तो नंबर झाकायलाच वर ब्रँडचं चकचकीत स्टिकर!

सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं: शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं. दोन मोटारी आणि एक मायक्रोकंट्रोलर पोटात घेऊन उभं असलेलं हे टेबल कुठे बसवायचं? फर्निचर म्हणून ते मोकाट सुटता कामा नये. त्याला इलेक्ट्रॉनिक्सचेच नियम लावा.

मी विक्रेत्याकडे माहितीची हीच तीन कलमं लेखी मागितली. उत्तरात नव्या टेबलावर सवलतीचं कूपन आलं. मला कूपन नको. पिनांचा क्रम द्या.