हात लावू नकोस!

खेळण्यातल्या आगगाडीच्या वादात मी जुन्या इंजिनाच्या बाजूचा. १९३८ साली लिव्हरपूलहून निघालेलं हॉर्नबी डब्लोचं ‘सर नायजेल ग्रेस्ली’ घ्या. ओतीव धातूचं, विजेवर मिळे तसंच चावीवरही. टेबलावरून पडलं तर काळजी फरशीची! आजचं त्याच मापाचं मॉडेल देखणं, हे मान्य. प्लास्टिकच्या अंगावर केसाएवढे कठडे, सुतासारख्या नळ्या, पोटात डिजिटल ‘भक् भक्’. सगळं हुबेहूब! पण पोरानं हात पुढे केला की बाप खेकसतो, ‘हात लावू नकोस!’ मग ते खेळणं कसलं? अहो, देव्हाऱ्यातल्या देवालासुद्धा रोज आंघोळ घालता येते. ह्याची नुसती धूळ पुसायची म्हटली तरी छातीत धडकी!