सभा की सत्कार?

लहान गावांतील महाविद्यालयांत व्याख्याने होत नाहीत असे कोणी म्हणेल, तर तो आमचा पक्ष नव्हे. व्याख्याने होतात, वाङ्मय मंडळाचे उद्घाटन होते, मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो, वार्षिक स्नेहसंमेलनही होते, आणि या प्रत्येकाचे छायाचित्र काढून ते अहवालात यथासांग चिकटविले जाते. आमची तक्रार या गोष्टी होत नाहीत अशी नसून, त्या ज्या रीतीने होतात त्या रीतीविषयी आहे. ती रीत आता इतकी रुळली आहे की, तीत काही वावगे आहे असे सुचविणाराच अरसिक ठरावा!

ही रीत वाचकांस नवीन नाही. अकराची सभा पावणेबारास सुरू होते. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ, तेही एकास नव्हे तर व्यासपीठावरील यच्चयावत सर्व मान्यवरांस. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो वक्ता उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातात 'वेळेअभावी थोडक्यात' अशी चिठ्ठी येते. समोर बसलेली मुले हजेरीच्या भीतीने आणलेली. त्यांतील निम्म्यांचे लक्ष शेवटच्या एस.टी.कडे. वक्ता वीस मिनिटे बोलतो, आभारप्रदर्शन पंधरा मिनिटे चालते, आणि प्रश्न विचारण्याची तर कोणास आठवणच होत नाही. गावातील माणूस तेथे नसतो, कारण त्यास कोणी बोलाविलेलेच नसते. आम्ही हे कोणा एका संस्थेस उद्देशून लिहीत नाही. रोग सबंध महाराष्ट्राचा आहे. आम्ही पेण आणि रोहे ही दोन गावे उदाहरणासाठी घेतो ती एवढ्याचसाठी की, जाहीर भाषणाचे सामर्थ्य काय असते हे ज्या भूमीने अनुभवाने ओळखावयास हवे अशी ही भूमी आहे.

पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली विनोबा भावे जन्मले. बडोद्यास शिकत असता त्यांनी व त्यांच्या मित्रांनी विद्यार्थी मंडळ काढले. तेथे ही मुले आपली आपण जमत, वाचलेल्या विषयांवर बोलत, आणि आपले ग्रंथालयही चालवीत. त्यांस शाल घालावयास कोणी नव्हते. पुढे १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा मध्येच सुरतेस उतरून काशीस गेले. त्यापूर्वी महिनाभर, फेब्रुवारीत, बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींचे ते प्रसिद्ध भाषण झाले होते, ज्यामुळे ॲनी बेझंट यांनी हरकत घेतली आणि संस्थानिक मंडळी उठून गेली. विनोबा त्या सभेस नव्हते. त्यांनी केवळ वृत्तपत्रातील वृत्तान्त वाचला, पत्रव्यवहार केला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. विश्वविद्यालयातील एका भाषणाने, ते स्वतः न ऐकताही, एका विद्यार्थ्याचे सारे आयुष्य फिरविले! हेच विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलले, साने गुरुजींनी ते उतरून घेतले, आणि ती प्रवचने आज घरोघर आहेत. तुरुंगात जे साधले ते ध्वनिक्षेपकांनी सुसज्ज अशा सभागृहात का साधू नये?

रोह्याकडे पाहावे. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली रोह्यास जन्मले, आणि त्यांचे स्वाध्यायाचे अवघे कार्य प्रवचनावरच उभे राहिले. चिंतामणराव देशमुखांचे बालपण व शिक्षणाचा आरंभ याच मुलखातला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९५६ पासून काही वर्षे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद त्यांजकडे होते, आणि ज्या लेखणीने अर्थखात्याचे कागद लिहिले तिनेच मेघदूताचा मराठी अनुवादही केला, हे कितीकांच्या स्मरणात आहे? रोह्यातील महाविद्यालयास आज त्यांचे नाव आहे. ज्या पुरुषास अर्थशास्त्र आणि कालिदास एकाच घरात नांदविता आले, त्याच्या गावी तरी सभा आणि सत्कार यांतील भेद कळावयास हवा.

महाविद्यालयीन मंडळे ही अभ्यासक्रमाची शोभा आहेत, असा एक समज आढळतो. तो इतिहासास धरून नाही. १८४८ साली मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व अध्यापक यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या शाखा मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा या नावांनी देशी भाषांत निबंध वाचून त्यांवर चर्चा करू लागल्या. ही चर्चा चर्चेतच विरली नाही. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा उघडल्या, आणि त्यांत आरंभी स्वतःच शिकविले. निबंध वाचणारा तरुण शाळा काढतो, ही मंडळाची खरी फलश्रुती. आज आमच्या मंडळांची फलश्रुती कोणती? तर मूल्यांकन समितीपुढे ठेवावयाची फाईल!

येथे नव्या व्यवस्थेविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेने महाविद्यालयांकडे उपक्रमांचा हिशेब मागण्यास सुरुवात केली. आणि नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात २०२३ पासून जी श्रेयांकांची चौकट आखली गेली, तीत सांस्कृतिक उपक्रमांसही स्थान मिळाले. हेतू चांगला आहे, तो आम्ही नाकारीत नाही. परंतु हिशेब मागितला की माल मोजला जातो, पारखला जात नाही. किती व्याख्याने झाली हे कागदावर येते. एखाद्या व्याख्यानानंतर कोणी ग्रंथालयात जाऊन पुस्तक मागितले काय, हे कोणत्याच रकान्यात येत नाही. ज्या विद्यार्थ्याने सभा उभारली, वक्त्याशी पत्रव्यवहार केला, वृत्तान्त लिहिला, त्यास श्रेयांक अवश्य द्यावा. नुसते बसून राहण्याबद्दल देऊ नये.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, अशा गावांत श्रोते मिळत नाहीत. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्या भोवतालचा मुलूख पाहिलाच नाही, असे आम्हांस म्हणावे लागते. २००८ साली पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांच्या शेतकऱ्यांकडून विशेष आर्थिक क्षेत्राविषयी मत घेतले गेले. आपल्या जमिनीचे काय व्हावे यावर ही गावे महिनोन्‌महिने बोलत होती, ऐकत होती, वाद घालीत होती. त्यांस श्रोते म्हणावयाचे नाही तर कोणास? श्रोता विषयास येतो, पाहुण्यास येत नाही. पेण व त्याच्या भोवतालच्या हमरापूर, जोहे इत्यादी गावांत गणेशमूर्तींचे कारखाने घरोघर आहेत. शाडू की प्लास्टर या वादात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२० चे निर्बंध आले, प्रकरण न्यायालयांपर्यंत गेले, हजारो हातांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. रसायनशास्त्राचा अध्यापक आणि मूर्तिकार यांस एका व्यासपीठावर बसवून, प्लास्टर पाण्यात का विरघळत नाही आणि शाडूची मोठी मूर्ती उभी करण्यात अडचण कोणती, हे दोघांच्या तोंडून ऐकवा. मग सभागृहात जागा उरते काय ते पाहू. रोह्यास कुंडलिका नदी आणि धाटावची औद्योगिक वसाहत शेजारी शेजारी आहेत. त्या पाण्याविषयी बोलणारा जाणता मनुष्य आणा. श्रोत्यांस हजेरीपत्रक दाखवावे लागणार नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. मंडप, फलक, शाली, स्मृतिचिन्हे आणि अल्पोपाहार यांचा खर्च वगळला, तर एका व्याख्यानास वक्त्याचे जाणे-येणे आणि माफक मानधन याहून अधिक काय लागते? पेण व रोहे दोन्ही लोहमार्गावर आहेत. मुंबईहून वक्ता येऊन परत जाऊ शकतो. पैसा नाही असे नव्हे, तो सत्काराकडे वळलेला आहे.

तिसरा आक्षेप शिस्तीचा: दारे उघडली की गावातील भांडणे आत येतील. येतील, आणि यावीतही. काशीस संस्थानिक उठून गेले म्हणून विश्वविद्यालय बुडाले नाही. ज्या तरुणांस उद्या ग्रामसभेत बसावयाचे आहे, त्यांनी मतभेद ऐकून घेण्याचे, अध्यक्षाची आज्ञा मानण्याचे आणि नेमका प्रश्न विचारण्याचे शिक्षण महाविद्यालयात घ्यावयाचे नाही, तर घ्यावयाचे कोठे? चौथा आक्षेप आधुनिक आहे: जगातील उत्तमोत्तम व्याख्याने खिशातील यंत्रावर मिळत असता सभेचे प्रयोजन काय? प्रयोजन हेच की, त्या यंत्रातील विद्वान कुंडलिकेच्या पाण्याविषयी बोलत नाही, आणि शेजारी बसलेला मनुष्य आपल्याबरोबर हसला किंवा रागावला हेही ते यंत्र कळू देत नाही.

संगीताची कथा याहून खेदाची आहे. स्नेहसंमेलनात मुले ध्वनिमुद्रित गीतांवर नाचतात. आम्ही नृत्याचे वैरी नाही, मुलांनी अवश्य नाचावे. परंतु वर्षातून एकदाही त्यांच्या कानांवर जिवंत तानपुरा पडू नये, हे कसे? विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांच्या प्रयत्नांनी १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. दरबारातील विद्या सामान्य जनांपर्यंत आणण्यासाठी या पुरुषांनी आयुष्ये वेचली. ती विद्या मुंबईपर्यंत आली आणि खाडी ओलांडताना थकली, असेच म्हणावयाचे काय? आणि संगीत म्हणजे केवळ ख्यालगायन, असा आमचा आग्रह नाही. आगरी समाजात लग्नविधीचे धवळे गाणारी धवलारीण अजून आहे. बाल्या नाचाचे फड आहेत, गावोगाव भजनी मंडळे आहेत. धवलारणीस महाविद्यालयाच्या व्यासपीठावर सन्मानाने बसवून तासभर ऐकावे, तिच्या गाण्यातील जुने शब्द मराठीच्या अध्यापकांनी टिपून घ्यावेत. जिची नात समोर विद्यार्थी म्हणून बसली आहे, तिची विद्या महाविद्यालयाच्या दृष्टीने विद्याच नसावी, यासारखी दुसरी विपरीत गोष्ट नाही.

आमची सूचना साधी आहे. वर्षभरात चार व्याख्याने व दोन मैफली, यांहून अधिक नको. दिवस व वेळ वर्षाच्या आरंभीच ठरवून गावात, वाचनालयात आणि एस.टी. स्थानकावर लावावी. सभा संध्याकाळी, गावातील लोकांस सवडीच्या वेळी भरावी आणि लांबच्या विद्यार्थ्यांची शेवटची गाडी चुकणार नाही अशा बेताने आटोपावी. परिचय दोन मिनिटांचा, आभार एका वाक्याचा, सत्कार मुळीच नाही. व्याख्यानाइतकाच वेळ प्रश्नांसाठी राखावा, आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा असावा. हजेरी घेऊ नये. पहिल्या सभेस पंधरा माणसे आली तर पंधरांपुढे बोलावे; जी पंधरा आली ती आपण होऊन आली, एवढेच त्या सभेचे यश पुरेसे आहे.

प्राचार्य व अध्यापक मंडळींवर कामाचा भार किती आहे, हे आम्ही जाणतो. पण आम्ही सुचविलेल्या रीतीत काम वाढत नाही, उलट कमीच होते. फक्त एक मोह सोडावा लागतो. पुढील संमेलनाच्या वेळी व्यासपीठावरील खुर्च्या निम्म्या कराव्यात आणि सभागृहाचे रस्त्याकडील दार उघडे ठेवावे. एवढे ज्या महाविद्यालयाकडून होणार नाही, त्याने आपल्या अहवालात 'लोकाभिमुख' हा शब्द तरी लिहू नये.