पाल, कूलर आणि रात्री तीनचा भोंगा

मागच्या वर्षी फेब्रुवारीत नागपूरच्या घरी मी स्वतःच्या हाताने बिनतारी सुरक्षा यंत्रणा बसवली. आई-बाबा दोघंच राहतात, घर स्वतंत्र, मागे मोकळा प्लॉट. संचात एक मुख्य पेटी होती, दारांचे दोन सेन्सर, हालचाल टिपणारे तीन सेन्सर, भोंगा आणि एक कॅमेरा. भिंतीला एकही भोक न पाडता, दुहेरी चिकटपट्टीवर सगळं दीड तासात उभं राहिलं. पुण्यात बसून मोबाइलवर घराचं पुढचं दार दिसतंय, याचा मला फार अभिमान वाटत होता.

मे महिन्यात आईने बोलता बोलता सांगितलं, की ते यंत्र तिने बॅटरी काढून कपाटात ठेवून दिलंय. महिना होऊन गेला होता. त्याआधीच्या अकरा रात्रींत भोंगा सात वेळा वाजला होता. त्यातल्या एका रात्री बाबा काठी घेऊन अंधारात उठले, उंबऱ्याला अडखळले आणि थोडक्यात वाचले. ‘चोर आला तर एकदाच येईल रे, हा रोज येतो,’ आई म्हणाली. खरी लाज पुढेच आहे. ‘यंत्रणा बंद झाली’ असा निरोप माझ्या मोबाइलवर आलेला होता. पण त्या ॲपच्या निरोपांचा आवाज मी केव्हाच बंद करून टाकला होता.

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या परिचारिकांना हा प्रकार चांगला ठाऊक असतो. तिथे प्रत्येक खाटेशी नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब, सलाइनचा पंप, सगळ्यांचे वेगवेगळे भोंगे असतात आणि त्यातले बहुसंख्य खोटे ठरतात. बोटाची क्लिप सरकली, रुग्ण कुशीवर वळला, एवढंच कारण असतं. दिवसभर असे आवाज ऐकून माणसाचा कान ते आवाज बाहेर ठेवायला शिकतो. याला ‘अलार्म फटीग’ म्हणतात, म्हणजे भोंग्यांचा शिणवटा. यात कुणाचा आळशीपणा नसतो, मेंदूची ती रीतच आहे. अमेरिकेत रुग्णालयांचं मूल्यांकन करणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ साली याच धोक्याबद्दल रुग्णालयांना इशारा दिला होता. घराच्या सुरक्षेबद्दल मात्र हा विचार आपण करतच नाही.

साधा हिशेब करून बघा. समजा, एखाद्या घरात दहा वर्षांत एकदा खरोखर कुणी शिरतं. आणि समजा, यंत्रणा आठवड्यातून एकदाच चुकून वाजते. दहा वर्षांत पाचशे वीस खोटे भोंगे आणि एक खरा. यंत्र अगदी तरबेज असलं, खऱ्या चोराला हमखास पकडणारं असलं, तरी भोंगा वाजल्यावर तो खरा असण्याची शक्यता पाचशेत एक. आईने सातव्या खेपेला बॅटरी काढली. तिचं गणित माझ्यापेक्षा पक्कं होतं.

म्हणून माझं मत असं, की घरी यंत्रणा बसवताना पहिला प्रश्न ‘हिला काय काय दिसतं?’ हा नसून ‘ही विनाकारण किती वेळा वाजेल?’ हा आहे. खोक्यावर मेगापिक्सेल छापलेले असतात, सेन्सरची संख्या छापलेली असते. खोट्या भोंग्यांचा आकडा कुठेच नसतो. तो आपल्यालाच आपल्या घरात, आपल्या हवेत काढावा लागतो.

जूनमध्ये जाऊन मी तो काढला. हालचाल टिपणारा सेन्सर ही मोठी गमतीची वस्तू आहे. तो स्वतः काहीच सोडत नाही, नुसता बघतो. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकते. माणसाच्या अंगातून निघणाऱ्या या किरणांचा जोर साडेनऊ मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीवर असतो. सेन्सरच्या तोंडावरचं दुधी प्लॅस्टिक म्हणजे बारीक बारीक भिंगांची जाळी. ती समोरच्या खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे कप्पे पाडते. उबदार शरीर एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलं, की आतल्या स्फटिकावर पडणारी उष्णता बदलते आणि तो इशारा देतो. यावरून तीन गोष्टी आपोआप निघतात. आडवा जाणारा माणूस त्याला चटकन कळतो, सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा. खिडकीच्या काचेपलीकडचं त्याला दिसत नाही, कारण साधी काच हे किरण अडवते. तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी आहे. त्याला दिसतो तो माणूस नव्हे, तर माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक.

नागपूरच्या मे महिन्यात भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असतात. कातडीचं तापमान तेहतीस-चौतीस अंश, भिंतीचंही जवळपास तेवढंच. फरकच उरत नाही. काही सेन्सर यावर उपाय म्हणून उकाड्यात आपली संवेदनशीलता वाढवतात. माझे तसलेच होते. मग समोरच्या खिडकीत कूलर चालू झाला, गार झोत आला, पडदा हलला, की त्याला वाटायचं कुणीतरी गेलं. तो सेन्सर मीच नेमका कूलरसमोर चिकटवला होता. फेब्रुवारीत तिथे कूलर नव्हता ना!

दुसऱ्या सेन्सरचा गुन्हेगार शोधायला वेळ लागला. शेवटी त्याच्या डोक्यावर पालीची लेंडी सापडली. ट्यूबलाइटशेजारचा कोपरा, किड्यांची रेलचेल, त्यामुळे पालीचा रोजचा रस्ताच तो. लांबून पाल त्याला जाणवणारही नाही, पण भिंगावरच येऊन फिरली की सगळे कप्पे एकदम झाकले-उघडले जातात. ‘पाळीव प्राण्यांपासून सुरक्षित’ असं खोक्यावर लिहिलेलं होतं. ते कुत्र्या-मांजरांबद्दल असावं.

आता त्या घरात हालचालीचा एकच सेन्सर आहे. मागच्या बोळात, दिव्यापासून लांब, माणूस आडवा जाईल अशा बेताने लावलेला. तो एकटा वाजला तर नुसता मोबाइलवर निरोप येतो. भोंगा वाजतो तो दार उघडलं तरच. मुख्य जबाबदारी दारांच्या सेन्सरवर टाकली आहे, आणि ज्यांना पहिल्यांदाच काही बसवायचं आहे त्यांनी सुरुवात आणि शक्यतो शेवटही तिथेच करावा. काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पट्ट्या, शेजारी चुंबक. दार मिटलेलं असेल तर पट्ट्या चिकटलेल्या, उघडलं की सुटल्या. ना उकाड्याची फिकीर, ना पालीची. यालाही आपल्या घरांच्या खोडी सांभाळाव्या लागतात, पण त्या थोड्या. लोखंडी सेफ्टी डोअरवर चुंबक थेट चिकटवला, तर त्याचं बळ लोखंडातच मुरतं आणि रेडिओ लहरीही अडतात. मध्ये सेंटिमीटरभर लाकूड किंवा प्लॅस्टिक द्यावं. कोकणात पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, पुरतं मिटत नाही, तेव्हा फट वाढली की भोंगा. आणि चिकटपट्टीवर विसंबू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात माझी एक डबी घामेजून खाली पडली, त्या रात्रीचा भोंगा त्याचाच. दोन स्क्रू मारायला ड्रिल लागलं तर लागलं.

बिनतारी या शब्दाबद्दलही थोडं. सर्वांत स्वस्त संच ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यातले बरेच सेन्सर फक्त बोलतात, ऐकत नाहीत, आणि दर वेळी तोच तो संकेत पाठवतात. तो संकेत पकडून पुन्हा वाजवता येतो. त्याहून वाईट म्हणजे बॅटरी संपली की सेन्सर निमूट मरतो आणि पेटीला पत्ताच नसतो. दर काही मिनिटांनी ‘मी आहे’ म्हणून हजेरी देणारा सेन्सर थोडा महाग पडतो, पण शांतता आणि मृत्यू यातला फरक सांगणारं यंत्रच घ्यावं. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणलेला संच लावण्यापूर्वीही विचारपूस करावी. तिकडे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा घरगुती उपकरणांना मोकळा आहे. आपल्याकडे त्याच्या काही भागात मोबाइल कंपन्यांची वाहतूक चालते, आणि विनापरवाना वापरासाठी ८६५ ते ८६८ हा पट्टा आहे. आणि वीज गेली की राउटर जातो, राउटर गेला की वाय-फायवरचं सगळं आंधळं होतं. राउटरला छोटा यूपीएस लावणं हे दुसऱ्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

कॅमेऱ्याचं काय? न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची परिचारिका राहत होती. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा अवेळी, वस्ती धोक्याची, पोलीस यायला उशीर. दोघांनी मिळून दाराबाहेरचं माणूस घरातल्या पडद्यावर दाखवणारी, खोलीतूनच दार उघडता येईल आणि बटण दाबून मदत मागता येईल अशी यंत्रणा रचली. १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. घरच्या सुरक्षा यंत्रणेच्या इतिहासात तिचं नाव अगदी सुरुवातीला घेतलं जातं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिचा कॅमेरा दाराच्या भोकातून बाहेर बघत होता. आपण तो उलटा फिरवून दिवाणखान्यात लावला.

मीही लावला होता. ‘आपल्याच घरात गाऊनवर बसायची चोरी झाली,’ असं आई नंतर म्हणाली. घरकामाला येणाऱ्या मावशींना तर कुणी विचारलंच नव्हतं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा घरगुती वापराला लागू होत नाही, म्हणजे इथे सगळा भार आपल्या माणुसकीवर आहे. शिवाय घरातलं दृश्य घरातच राहील याची खात्री कोण देणार? २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी तिने काही दिव्य केलं नाही. कारखान्यातून येणारी साठेक नावं आणि पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीची दृश्यं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. तिथेही कच्चे पासवर्डच नडले, आणि अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी बंधनकारक केली आहे, ते चांगलंच झालं. पण आधीच भिंतीवर टांगलेल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलायला सरकार येणार नाही.

‘पण आई-बाबा पडले तर कळायला नको का?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि उतारवयात चोरापेक्षा पडण्याची धास्ती मोठी आहे. मात्र कॅमेरा तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा कुणीतरी त्याच वेळी बघत असतं. त्यापेक्षा त्याच संचात मिळणारं मदतीचं बटण बरं. एक उशाशी, एक बाथरूममध्ये. बाथरूममधलं बटण जमिनीपासून हातभर उंचीवर लावा. पडलेल्या माणसाचा हात भिंतीच्या मध्यावर पोचत नाही.

शेवटी, भोंगा वाजल्यावर येणार कोण? मी सातशे किलोमीटर लांब. आता पहिला फोन शेजारच्या काकांना जातो. त्यांच्याकडे आमची एक किल्ली आहे, आमच्याकडे त्यांची. त्यांनी खिडकीतून बघायचं, गडबड वाटली तर स्वतः पुढे न होता ११२ लावायचा, एवढं ठरलं आहे. आधी त्यांना विचारून, चहा पिऊन, एकदा दिवसाढवळ्या भोंगा वाजवून दाखवला. त्यांच्या कुत्र्याने त्याच्यापेक्षा मोठा आवाज केला, ही गोष्ट वेगळी.

जुलैपासून आजवर भोंगा दोनदा वाजला. एकदा पहाटे बाबाच यंत्रणा बंद न करता दूध घ्यायला बाहेर पडले. दुसऱ्यांदा दिवाळीला मी मध्यरात्री पोचलो, तेव्हा. दोन्ही वेळा काका खिडकीत उभे होते. कॅमेरा आता फाटकाकडे तोंड करून आहे, आणि बॅटऱ्या बदलायच्या तारखा आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहून ठेवल्या आहेत.