मत विकू नका, फुकटही घालवू नका



परवा पुण्याच्या खोलीवर जमलो होतो. वाशिमकडच्या एका पोरानं सरळ विचारलं, "गावी जाऊन मत देऊन काय होते बे? ट्रॅव्हल्सचं भाडं गेलं, दोन दिवसाची मजुरी गेली. निवडून येते तो त्यायचाच."

सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही. पोरगा खोटं बोलत नव्हता.

वाशिम विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उमेदवार आपला, मतं मात्र सगळ्यांची. हा २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराचा वारसा. गांधींच्या उपोषणापुढं स्वतंत्र मतदारसंघ गेले, हाती आल्या संयुक्त मतदारसंघातल्या १४८ राखीव जागा. तेव्हापासून राखीव जागेवर कोणता 'आपला' माणूस बसवायचा हे बड्यांच्या बंगल्यावर ठरतं. मान खाली घालील त्याला तिकीट.

म्हणून घरी बसायचं? आपण घरी बसलो की तो राखीव माणूसही नुसत्या त्यांच्याच मतांवर निवडून येतो. मग आपल्या वस्तीत तोंड दाखवायचीही त्याला गरज उरत नाही.

बहिष्कार हे आपलंच हत्यार आहे, हे मला माहीत आहे. जानेवारी १९७४ मध्ये मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीवर दलित पँथरनं बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळी पेटली. १० जानेवारीला मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव शहीद झाले. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट रोझा देशपांडे निवडून आल्या. तो बहिष्कार जाहीर होता, रस्त्यावर होता, म्हणून सत्तेला ऐकू गेला. खोलीत पंखा लावून झोपणं हा बहिष्कार नव्हे. ती गैरहजेरी कुणी मोजत नाही.

हे मत कुणी दान दिलेलं नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढं साक्ष द्यायला उभे राहिले तेव्हा बाबासाहेब २७ वर्षांचे होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढं त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. इंग्रजी राज्यात मत होतं जमीनवाल्याला, करवाल्याला, शिकलेल्याला. आमच्या आजाजवळ यातलं काय होतं? घटनेच्या कलम ३२६ नं ती अट मोडली. बाबासाहेब स्वतः १९५२ ला मुंबईत पडले, १९५४ ला भंडाऱ्यात पडले. तरी त्यांनी मतपेटीला लाथ मारली नाही, नव्या पक्षाची आखणी केली.

आता घरचंच सांगतो. मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या वस्तीत गाडी येते. माझ्या मायनं एकदा नोट घेतली. घरात पीठ नव्हतं. मी तिला दोष देत नाही. पण पुढची पाच वर्षं नळ मागायला गेलो की एकच उत्तर : "तुमचे पैसे दिले ना!" त्या नोटेत आमचा नळ गेला, रस्ता गेला, बोलायची सोय गेली.

तेव्हा कामाला लागा. यादीत नाव आहे का ते आत्ताच बघा. नसेल तर नमुना ६ भरा, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. नाव एकाच ठिकाणी ठेवा, पण ठेवा. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी कायद्यानं मिळते, रोजंदारीवाल्यालाही. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असेल तर परत फिरू नका, प्रदत्त मत मागा. मत देऊ नको म्हणून कुणी दम दिला तर ॲट्रॉसिटी कायद्यात तो गुन्हा आहे. कुणीच पटत नसेल तर २०१३ पासून 'नोटा' आहे.

मतानं जात मोडत नाही. राजकारणात समता आणि समाजात विषमता, हा विरोध फार काळ चालणार नाही, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ लाच बजावलं होतं. मत टाकून घरी आलं की हिशोब मागायचं काम सुरू होतं. ज्यानं मत विकलं त्याला तो हिशोब मागता येत नाही, आणि ज्यानं टाकलंच नाही त्याला कुणी विचारत नाही.

त्या पोराला माझं उत्तर एवढंच : भाड्यासाठी खोलीवर वर्गणी काढू. तू चल भाऊ. अन् झोपलेल्या बाकीच्यांनाही उठव.

जयभीम!